लहान हातांची नानकटाई

सण जवळ आला म्हणजे आपल्या स्वयंपाकघराला निराळेच तेज चढते. तुये काय किंवा पेडणे महालातील दुसरे कोणतेही गाव काय, चवथीच्या आधीचे दिवस नेवऱ्यांचे, दिवाळीचे दिवस फोवांचे व फराळाचे, आणि नाताळ आला की ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी कुलकुल, दोदोल व बोलिन्हा यांचा सुवास दरवळू लागतो. या साऱ्या लगबगीत घरातील सर्वांत उत्सुक व्यक्तीला मात्र एकच आज्ञा मिळते : "लांब हो, मध्ये येऊ नकोस!" ती व्यक्ती म्हणजे घरातील लहान मूल होय.

या आज्ञेला कारणे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. कढईतील तेल उकळत असते, आणि नैवेद्याच्या नेवऱ्यांना सोवळे असते. तथापि परिणाम असा होतो की, मुलाला सण ठाऊक होतो तो केवळ खाणाऱ्याच्या नात्याने, करणाऱ्याच्या नात्याने नव्हे. शिवाय आता फराळही बाजारातून तयार येऊ लागल्यामुळे करण्याची संधीच उरलेली नाही. म्हणून आम्ही एक साधा पदार्थ सुचवितो. त्यात उकळते तेल नाही व नैवेद्याची अडचणही नाही. तो पदार्थ म्हणजे नानकटाई.

'नान' हा शब्द फारसी. त्याचा अर्थ रोटी. या बिस्किटाचे नाव सुरत शहराशी विशेष जोडले जाते. महाराष्ट्रातील अनेक गावांत दिवाळीच्या सुमारास घरचे तूप, मैदा व साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याचा प्रघात होता. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून पोदेराची भट्टी गावोगाव आली, आणि खोबरे व रवा यांची बोलिन्हा घराघरांत रुजली. म्हणजे भाजलेले गोड बिस्कीट आपल्याला परके नाही.

कृती अशी : थिजलेले तूप 1 वाटी व पिठीसाखर पाऊण वाटी एकत्र करून हलके, पांढरे होईपर्यंत फेसावे. मैदा 2 वाट्या, बेसन पाव वाटी, रवा पाव वाटी, चिमूटभर खाण्याचा सोडा व वेलदोड्याची पूड हे सारे चाळून त्यात मिसळावे. पाणी मुळीच घालू नये. यामागचे शास्त्र जाणून घेण्याजोगे आहे. मैद्यात पाणी घालून मळले की चिवट तंतू तयार होतात. चपाती ताणली जाते ती अशाच तंतूंमुळे. परंतु येथे तूप पिठाच्या कणांना वेढून टाकते, तंतू बनत नाहीत, आणि म्हणूनच नानकटाई खुसखुशीत होते. याच कारणास्तव पीठ फार मळू नये. नुसते गोळा करावे. सोडा अधिक झाला तर बिस्किटे पसरतात व आकार मोडतो. गोळा अर्धा तास थंड जागी ठेवला तर तूप पुन्हा थिजते व आकार नीट टिकतो.

आता कामाची वाटणी. तीन-चार वर्षांच्या बालकाने पीठ चाळावे व लहान गोळे वळावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाने वाटीने मोजावे. पाव, अर्धा व पाऊण हे अपूर्णांक पाटीपेक्षा येथे लवकर कळतात. त्याहून मोठ्यांनी बोटभर जाडीची पोळी थापून आकार कापावेत. वाटीच्या काठाने चंद्र, करंजीच्या कातण्याने नक्षीदार पान, हाताने पणती किंवा मासळी. कुलकुल करताना पिठाचा तुकडा नव्या, स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळतात. तीच फणी नानकटाईवर रेषा उठविण्यास उपयोगी पडते. हात आधी धुवावेत, आणि कच्चे पीठ चाखू नये.

भाजण्याचे काम मात्र वडीलधाऱ्यांचेच. ओव्हन असल्यास 160 ते 170 अंश सेल्सियस उष्णतेवर 15 ते 20 मिनिटे पुरतात. नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर तिवई ठेवून, झाकण घालून ते दहा मिनिटे तापवावे. मग ताट आत ठेवून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे भाजावे. बिस्किटे बाहेर काढताना मऊ लागतात, म्हणून ती कच्ची राहिली असे समजू नये. निवताना ती आपोआप कडक होतात. तोवर धीर धरणे हाही शिक्षणाचाच एक भाग आहे.

सर्वांत महत्त्वाची सूचना आम्ही वडीलधाऱ्यांना करू इच्छितो. मुलाने केलेली वेडीवाकडी मासळी त्याच्या नकळत पुन्हा वळून 'नीट' करू नये. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोम येथे बालगृह उघडले, तेव्हा ओतणे, पुसणे, वाढणे अशा घरगुती कामांना त्यांनी शिक्षणाचे स्थान दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथे गावातील साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. आपल्या हाताचे काम मोठ्यांनी मान्य केले, हा विश्वास मुलाला मिळतो तेव्हाच ते पुढचे काम अधिक काळजीने करते. जे पुसून पुन्हा केले जाते, त्यातून ते एवढेच शिकते की आपल्याला जमत नाही.

पश्चिम आशियातील अरब देशांत 'मामूल' नावाचे रव्याचे सारण भरलेले बिस्किट लाकडी साच्यात घडवितात; मुसलमान ते ईदेला करतात आणि ख्रिस्ती ईस्टरला. आपल्याकडेही नेवरी चवथीला होते व नाताळलाही होते. सण भिन्न, पण आकार घडविणारे हात सारखेच. तेव्हा येत्या दिवाळीत शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट जाईल, त्यात चकली-लाडवांच्या शेजारी ती वाकडी मासळीही असू द्या, आणि ती कोणी केली हे अवश्य सांगा. ताट पोहोचविण्याचा मानही त्या चिमुकल्या कारागिरालाच द्यावा, अशी आमची विनंती आहे.