दगडी रस्त्यांची राखण

२०२४ च्या वसंत ऋतूत फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सरहद्दीपासून जवळ, एका जंगलातल्या रस्त्यावर शेळ्यांचा कळप चरत होता. शेळ्या वाट चुकून आल्या नव्हत्या, मुद्दाम आणलेल्या होत्या. रस्त्याच्या दगडांमधल्या फटींत गवत माजलं होतं आणि दगड जागचा न हलवता ते काढायचं होतं. शेळीइतकं नाजूक काम दुसरं कोण करणार? काही दिवसांतच त्याच दगडांवरून जगातले निवडक सायकलपटू ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने जाणार होते.

हा रस्ता आरांबेरचा. लांबी सुमारे २.३ किलोमीटर, जवळजवळ सरळ रेषेत, दोन्ही बाजूंना उंच झाडं. दगड ओबडधोबड, कुठे खचलेले, कुठे वर आलेले, पावसात शेवाळलेले. एरवी गाडी चालवायला कोणी इथे फिरकणार नाही. तरी हे दगड जसे आहेत तसेच राहावेत म्हणून लोक राबतात. रस्ता चांगला व्हावा म्हणून झटणारी माणसं जगात सगळीकडे आहेत. तो खडबडीतच राहावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झटणारा हा मुलूख मला म्हणूनच इतका विलक्षण वाटतो.

मुळात हे दगड इथे आले कशासाठी? उत्तर शेतात आहे. लील शहराच्या दक्षिणेचा हा पेव्हेल नावाचा प्रदेश आणि त्याच्या आसपासची सपाट जमीन चिकणमातीची. पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतच असतो आणि माती ओली झाली की चाक रुतलंच. त्यात इथलं मोठं पीक शुगरबीट. साखर म्हणजे ऊस हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की कंदातून साखर काढणारा मुलूख नवलाचा वाटतो. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजी आरमाराने समुद्र अडवला, वेस्ट इंडीजमधली उसाची साखर फ्रान्सला मिळेनाशी झाली, तेव्हा १८११ मध्ये नेपोलियनने हुकूम काढून बीटची लागवड वाढवली. बीटची काढणी होते शरद ऋतूत, म्हणजे नेमकी चिखलाच्या दिवसांत. कंदांनी भरलेली जड गाडी चिकणमातीतून बाहेर काढायची तर पायाखाली दगड हवाच.

म्हणून शेतरस्त्यांवर हाताने दगड बसवले गेले. पाणी निथळावं म्हणून मधला भाग थोडा उंच, कासवाच्या पाठीसारखा. मग आधी गाड्यांच्या आणि पुढे ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजू दाबत नेल्या, मधला उंचवटा आणखी ठळक झाला. आज सायकलपटू त्या उंचवट्याच्या माथ्यावरून, हातभर रुंदीच्या पट्ट्यातून जायची धडपड करतो. त्याच्या चाकाखाली येणारा आकार बीटच्या वजनाने घडवलेला आहे.

या रस्त्यांवरून जाणारी पॅरिस–रूबे शर्यत पहिल्यांदा झाली १८९६ मध्ये. रूबे हे तेव्हा कापडगिरण्यांचं गाव. तेओडोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या तिथल्या दोन गिरणीमालकांनी सायकल शर्यतींसाठी गोल धावपट्टी, म्हणजे व्हेलोड्रोम, बांधली होती आणि तिचं नाव व्हावं म्हणून पॅरिसहून रूबेपर्यंत शर्यत काढली. पहिला आला योसेफ फिशर नावाचा जर्मन. त्या काळी दगडी रस्त्याचं कोणालाच अप्रूप नव्हतं, बहुतेक रस्ते तसेच होते.

अप्रूप वाटू लागलं ते दगड नाहीसे व्हायला लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावी डांबर आलं. शर्यत दरवर्षी वर्तमानपत्रांत आणि नंतर टीव्हीवर दिसायची. आपल्या गावचा रस्ता मागासलेला दिसतो याची महापौरांना लाज वाटायची, त्यामुळे शर्यत जाते तिथे डांबर आधी पडायचं. साठच्या दशकापर्यंत दगडी भाग इतके कमी झाले की शर्यतीचा कसच जायची वेळ आली. तेव्हा संयोजकांनी आल्बेर बुव्हे या माजी सायकलपटूला जुने रस्ते हुडकायला पाठवलं. त्यांना वाट दाखवली ज्यां स्टाब्लिन्स्की यांनी.

स्टाब्लिन्स्कींबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. याच भागात, पोलंडहून आलेल्या कुटुंबात, १९३२ मध्ये त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धानंतर इथल्या कोळसा खाणींत हजारो पोलिश कुटुंबं आली, त्यांच्या मुलांना खाण चुकत नसे. स्टाब्लिन्स्कीही कोवळ्या वयात खाणीत उतरले आणि सायकलच्या जोरावर वर आले. १९६२ मध्ये ते जगज्जेते झाले. आरांबेरचा जंगलातला रस्ता त्यांना ठाऊक होता, कारण त्याच्या खालच्या बोगद्यांत त्यांनी कोळसा काढला होता. १९६८ मध्ये तो शर्यतीत आला आणि त्या वर्षी जिंकला एडी मर्क्स. रस्त्याच्या खाली कष्टलेला आणि वरून शर्यतीत धावलेला एकच माणूस, असं स्टाब्लिन्स्कींबद्दल सांगतात. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचा स्मृतिदगड आहे. आणि रस्ता इतका वेडावाकडा खचलेला का, याचंही एक कारण खालीच आहे. कोळसा काढून पोकळ झालेली जमीन हळूहळू बसत गेली. खाण १९८९ मध्ये बंद झाली. तिचे लोखंडी मनोरे अजून उभे आहेत आणि २०१२ मध्ये हे सगळं कोळसाक्षेत्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

ऐंशीच्या दशकात ‘पॅरिस–रूबेचे मित्र’ या नावाची स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. ही माणसं सुट्टीच्या दिवशी पहारी आणि फावडी घेऊन येतात, खचलेले दगड उपटतात, खाली नवा थर घालतात आणि तेच दगड पुन्हा बसवतात. बागकाम शिकवणाऱ्या इथल्या शाळांची मुलंही या कामात असतात. ज्या महापौरांना दगडांची लाज वाटायची, त्यांचे वारस आज आपल्या गावचा दगडी तुकडा शर्यतीत यावा म्हणून धडपडतात. जिंकणाऱ्याला करंडक म्हणून काय मिळतं? चौथऱ्यावर बसवलेला याच रस्त्यांचा एक दगड.

आता सायकलचं शास्त्र. अशा रस्त्यावर हळू जावं असं कोणालाही वाटेल, पण होतं उलट. चाक हळू फिरत असेल तर ते प्रत्येक फटीत पुरतं उतरतं आणि पुढच्या दगडावर पुन्हा चढतं. प्रत्येक वेळी वेगाचा एक घास जातो. वेगात असलेल्या चाकाला खाली उतरायला तेवढा वेळच मिळत नाही, ते दगडांच्या माथ्यांवरून सरकत जातं. म्हणून जाणकार दगड सुरू व्हायच्या आधीच वेग घेतात, जड गिअर लावतात, पायाचा दाब सोडत नाहीत आणि हात मात्र सैल ठेवतात. हँडल घट्ट आवळलं तर प्रत्येक हादरा खांद्यापर्यंत पोहोचतो.

टायरची गोष्ट याहून मनोरंजक आहे. हवा जितकी गच्च तितकी सायकल वेगवान, अशी समजूत फार काळ होती. गुळगुळीत रस्त्यावर ती बरीचशी खरी आहे. पण गच्च टायर दगडावर आपटून सायकलीला, आणि सायकलीसोबत माणसाला, वर उडवतो. शरीर थरथरतं, त्या थरथरीत स्नायू ताकद गिळतात आणि पुढे जायला उरते ती कमी. थोडी हवा कमी केली की टायर दगडाभोवती वाकतो आणि हादरा स्वतःत जिरवतो. पण फार कमी केली तर दगडाची कड रिमवर आदळून पंक्चर. उपाय म्हणजे टायर रुंद करायचा. पूर्वी २३-२५ मिलिमीटरचे टायर असायचे, आता तीस मिलिमीटर आणि त्याहून रुंद दिसतात. सायकलीच्या बाजारात रुंद टायर आले त्यात या शेतरस्त्यांनी शिकवलेल्या धड्याचाही वाटा आहे.

रस्ता चुकीला माफी देत नाही. १९९८ मध्ये बेल्जियमचा योहान म्युसेव आरांबेरमध्ये पडला, गुडघ्याची वाटी फुटली, जखम इतकी चिघळली की पाय वाचेल की नाही हा प्रश्न होता. दोन वर्षांनी त्याने हीच शर्यत जिंकली आणि अंतिम रेषा ओलांडताना त्या गुडघ्याकडे बोट केलं. स्त्रियांना मात्र या दगडांवर शर्यतीची संधी मिळाली थेट २०२१ मध्ये, म्हणजे पुरुषांनंतर १२५ वर्षांनी. इंग्लंडच्या लिझी डाइग्ननने अंतिम रेषेच्या ८० किलोमीटर आधीच सगळ्यांना मागे टाकलं आणि एकटीने रूबे गाठलं. तिच्या हँडलवर रक्ताचे डाग होते.

या शर्यतीला ‘उत्तरेचा नरक’ म्हणतात आणि ते नाव दगडांवरून पडलेलं नाही. १९१९ मध्ये, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, रस्ता उरला आहे का हे बघायला काही जण निघाले. त्यांना खड्डे, जळकी झाडं, उद्ध्वस्त गावं दिसली आणि वर्तमानपत्रातून हे नाव रूढ झालं. १९१३ चा विजेता फ्रांस्वा फाबेर तोवर मेलेला होता. मे १९१५ मध्ये, आरासच्या उत्तरेला कारांसीजवळच्या लढाईत.

याच सपाट शेतांत, रूबेपासून पश्चिमेला सायकलीने अर्ध्या दिवसात गाठता येईल अशा अंतरावर, नव्ह-शापेल आहे. त्याच महायुद्धात, २८ ऑक्टोबर १९१४ ला, तिथे ४७ व्या शीख पलटणीसोबत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या चालून गेल्या. सॅपर म्हणजे रस्ते बांधणारे, पूल बांधणारे, खंदक खणणारे सैनिक. पायदळ अपुरं पडत होतं म्हणून त्यांना थेट हल्ल्यात उतरवलं आणि त्यांची भयंकर हानी झाली. तिथे आज वर्तुळाकार स्मारक आहे, माथ्यावर कमळ असलेला उंच स्तंभ आणि भिंतीवर चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं. पुण्या-मुंबईहून सायकल चालवायला या भागात जाणाऱ्याने वाट वाकडी करून तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.

आणि शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर सायकल चालवायला अडचण काहीच नाही. हे सार्वजनिक शेतरस्ते आहेत, शर्यतीचा एक दिवस सोडला तर कोणालाही मोकळे. एकच दिवस हाती असेल तर लीलहून रेल्वेने ऑर्शीला यावं. ऑर्शी हे चिकोरीचं गाव. फिल्टर कॉफीच्या डब्यावर आपण जी चिकोरी वाचतो, तिच्याच मुळ्या इथे पिढ्यान्‌पिढ्या वाळवून भाजल्या जातात. तिथून आधी मों-आं-पेव्हेल गाठावं. तिथला दगडी भाग तीन किलोमीटरचा, मधे काटकोनी वळणं आणि ओल्या दिवसांत शेतातून ट्रॅक्टरसोबत आलेला चिखल. पुढे उत्तरेकडे वळावं. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे पाठीशी. हे महत्त्वाचं आहे, कारण डोंगर नसलेल्या या मुलखात चढाचं काम वाराच करतो.

मग येतो कारफूर द लार्ब्र, २.१ किलोमीटर. हा, मों-आं-पेव्हेल आणि आरांबेर हे तीनच भाग संयोजकांच्या हिशेबात पाच ताऱ्यांचे, म्हणजे सर्वांत अवघड. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, दृष्टीला अडवणारं काही नाही. जवळच्याच बुव्हीनच्या मैदानात १२१४ मध्ये फ्रान्सच्या राजाने जर्मन सम्राटाच्या फौजेचा पराभव केला होता. इथून रूबे पंधरा-सोळा किलोमीटर.

गावात शिरल्यावर शेवटचा दगडी तुकडा जेमतेम तीनशे मीटरचा, १९९६ मध्ये शर्यतीच्या शताब्दीसाठी नव्याने बसवलेला आणि चक्क गुळगुळीत. त्याला १९१२ आणि १९१४ चा विजेता, रूबेचाच शार्ल क्रुपलां याचं नाव दिलं आहे. इथल्या दगडांमध्ये अधूनमधून विजेत्यांची नावं कोरलेल्या पाट्या आहेत. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातून जाताना वेग कमी ठेवला तर त्या वाचता येतात.