विश्लेषण : विमान तयार, पण इंजिन कुठे? ‘मरुत’ची अडचण ‘तेजस’पर्यंत कशी आली?

अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनहून शाळेची सहल मुंबईला निघाली की वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र बहुधा यादीत असते. तिथल्या आवारात टोकदार नाकाचे, मागे झुकलेल्या पंखांचे एक लढाऊ विमान उभे आहे. मुले त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. विमानाच्या मागच्या बाजूला मात्र कमी जणांचे लक्ष जाते. तिथे शेजारी शेजारी दोन गोल तोंडे दिसतात, ती दोन इंजिनांची. या विमानाचे काय बिनसले, हे तिथेच कळते.

हे विमान कोणते?

एचएफ-२४ ‘मरुत’. भारतात आराखडा होऊन भारतातच बनलेले पहिले लढाऊ जेट. बांधणी बंगळूरुच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलमधली. या कारखान्याचा मराठी मुलखाशी जुना संबंध आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये त्याची स्थापना केली होती.

आराखडा कोणाचा?

कुर्ट टँक यांचा. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले जर्मनीचे ‘फॉके-वुल्फ १९०’ विमान त्यांचेच. युद्धानंतर त्यांनी अर्जेंटिनात जेट लढाऊ विमान उभे केले. तिथला प्रकल्प बारगळल्यावर १९५६ मध्ये ते आपल्या जर्मन सहकाऱ्यांसह भारतात आले. हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान हवे होते. तोवर स्वतःचे एकही लढाऊ विमान न बनवलेल्या देशाची ही मागणी, म्हणजे धाडसच म्हणायचे.

पैसा आणि साधने तुटपुंजी होती. म्हणून आधी त्याच मापाचे लाकडी ग्लायडर बनवून १९५९ मध्ये उडवले गेले. दुसऱ्या विमानाने ते वर ओढून न्यायचे आणि सोडून द्यायचे. इंजिन नसलेल्या या विमानावर हवेतले वागणे तपासले गेले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरे ‘मरुत’ आकाशात नेले.

मग बिनसले कुठे?

इंजिनात. टँक यांनी आराखडा केला तो ब्रिटिश ‘ऑर्फियस १२’ इंजिन गृहीत धरून. आफ्टरबर्नरसह एका इंजिनाचा जोर सुमारे ३,७०० किलो मिळणार होता. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवण्याची सोय. पण ब्रिटनला त्या इंजिनाची गरज उरली नाही. पुढचा विकासखर्च भारताने उचलावा, असा प्रस्ताव आला आणि दिल्लीने तो नाकारला. हाती राहिले ते आफ्टरबर्नर नसलेले ‘ऑर्फियस ७०३’, जोर सुमारे २,२०० किलो. दुप्पट ध्वनिवेगासाठी घडवलेले विमान सरळ उड्डाणात ध्वनिवेगही ओलांडू शकले नाही.

पर्याय कमी शोधले नाहीत. सोव्हिएत इंजिनाची चाचपणी झाली. इजिप्तमध्ये विकसित होत असलेले इंजिन ‘मरुत’मध्ये बसवून चाचण्याही झाल्या, पण इजिप्तने तो प्रकल्पच गुंडाळला. शेवटी ऑर्फियसलाच भारतात आफ्टरबर्नर जोडायचे ठरले. त्यासाठी शेपटीकडचा भाग फुगवावा लागला, हवेचा अवरोध वाढला आणि मिळालेला जोर बराचसा तिथेच खर्ची पडला. १० जानेवारी १९७० रोजी याच आवृत्तीच्या अपघातात सुरंजन दास, तेव्हा ग्रुप कॅप्टन, यांचा मृत्यू झाला.

म्हणजे विमान फसले?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९७१ च्या युद्धात राजस्थान-सिंध आघाडीवर ‘मरुत’ जमिनीलगत उडत शत्रूचे रणगाडे आणि रसदमार्ग टिपत होते. ७ डिसेंबरला स्क्वॉड्रन लीडर के. के. बक्षी यांनी पाकिस्तानचे सेबर विमान पाडले. हवाई लढतीत एकही ‘मरुत’ पडले नाही. एक इंजिन निकामी होऊनही वैमानिक परतल्याच्या घटना आहेत. एकूण १४७ विमाने बनली, तीन स्क्वॉड्रनना मिळाली आणि १९९० पर्यंत निवृत्तही झाली. मोठे नुकसान वेगळेच होते. ‘मरुत’नंतरचे स्वदेशी लढाऊ विमान, ‘तेजस’, पहिल्यांदा उडाले ते ४ जानेवारी २००१ रोजी. मधल्या ४० वर्षांत आराखडा करणारी पिढी पांगली.

इंजिन बनवणे इतके अवघड का?

आधुनिक लढाऊ इंजिनात टर्बाइनवर आदळणारा वायू १,५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असतो. पात्यांचा धातू त्याआधीच वितळतो. म्हणून पाती आतून पोकळ ठेवून त्यांत हवा खेळवतात, एकाच स्फटिकापासून ओततात, वर सिरॅमिकचा थर देतात. ही विद्या मोजक्या देशांकडे आहे आणि कोणी ती विकत नाही. ‘तेजस’साठी सुरू झालेले ‘कावेरी’ इंजिनही अपेक्षित जोर देऊ शकले नाही. २००८ मध्ये ते प्रकल्पापासून वेगळे केले गेले.

आज काय स्थिती?

‘तेजस मार्क-१ए’च्या ८३ विमानांची मागणी फेब्रुवारी २०२१ मध्ये नोंदवली गेली. पुरवठा रखडला, त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे अमेरिकी ‘एफ-४०४’ इंजिने वेळेवर आली नाहीत. त्यातले पहिले मार्च २०२५ मध्ये मिळाले. नाशिकजवळच्या ओझरला, जिथे एकेकाळी मिग-२१ बनत, तिथे ‘तेजस’ची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथले पहिले विमान उडाले. त्याचा सांगाडा ओझरचा, इंजिन अमेरिकेतल्या लिन शहरातले.