करोडगिरी ते कंटेनर

आमच्या मुधोळच्या जुन्या घरात माळ्यावर एक लोखंडी पट्ट्यांचा पेटारा आहे. झाकणाच्या आतल्या बाजूस काळ्या रंगात काढलेला एक आकडा अजून पुसट दिसतो. तो करोडगिरीच्या नाक्यावरचा, असे आजी सांगत असे. तिचे माहेर वऱ्हाडातले, उमरखेडचे. लग्नानंतर बैलगाडीतून पैनगंगा ओलांडून ती सासरी निघाली तेव्हा अंतर होते थोडक्या मुक्कामांचे. पण नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे निजामाचे राज्य. म्हणजे तिच्या दृष्टीने ती परमुलखातच चालली होती.

‘करोडगिरी’ हा शब्द आता नव्या पिढीच्या कानांवरून गेलेला नाही. अकबराच्या काळी एक कोटी दाम महसुलाच्या मुलखावर नेमलेल्या अधिकाऱ्यास करोडी म्हणत. त्याच नावावरून आलेला हा शब्द हैदराबाद संस्थानात सरहद्दीवरच्या जकातीसाठी रूढ झाला. १८०२ साली कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने या जकातीचा दर शेकडा पाच ठरला. दप्तर उर्दूत, नाणे हाली शिक्क्याचे. शंभर रुपये कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा हिशेब. वऱ्हाडातून येणाऱ्या गाडीवानापाशी असायचे ते कलदार.

आजीच्या सामानाची यादी तिच्या वडिलांनी मोठ्या नेटकेपणाने मोडीत लिहिली होती. नाक्यावरच्या कारकुनास मोडी येत नव्हती आणि गाडीबरोबरच्या मंडळींस उर्दू. तेव्हा सगळा पेटारा उघडून रस्त्यावर मांडावा लागला. हंडा, घंगाळ, कळशी ही वापरातली भांडी म्हणून सुटली. अडले ते लुगड्यांपाशी. कोऱ्या घडीचे लुगडे म्हणजे विक्रीचा माल की नव्या सुनेचे वस्त्र? बरोबरच्या एका जाणत्या बाईने आजीच्या कानात सांगितले, “पोरी, पुढल्या खेपेस सगळ्यांची घडी मोडून आण.” ते वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे राहिले.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, तरी ही जकात त्याच दिवशी संपली नाही. राज्यघटनेच्या मूळ ३०६ व्या कलमाने ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्राशी करार करून अशी जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलमही गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून निघून आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यात आला. २०१४ साली राज्य तेलंगणा झाले आणि २०१६ साली जिल्हा निर्मल. आमचे घर जागचे हलले नाही. सरहद्दीच त्याच्या अंगणातून फिरत राहिल्या.

हे सारे आठवण्याचे कारण माझा पुतण्या. नोकरीनिमित्त तो सहकुटुंब मेलबर्नला गेला. घरचे सामान न्हावा शेव्याहून कंटेनरने मागाहून रवाना झाले. त्यात आजीचा लाकडी देव्हारा होता. बांधाबांध आम्हीच घाईने केली आणि बाराही खोक्यांवर एकच शब्द लिहिला: ‘घरसामान’. चूक आमचीच. परक्या बंदरातील अधिकाऱ्याला त्या शब्दातून काय कळणार? मोडी यादीचीच ती नवी आवृत्ती!

ऑस्ट्रेलियात जकातीइतकीच कसून तपासणी होते ती कीड, बी-बियाणे आणि माती यांची. एका खोक्यात शिंदीची केरसुणी निघाली, दुसऱ्यात हळकुंडे, आणि देव्हाऱ्याच्या पायाशी भुंग्याने पाडलेली बारीक छिद्रे. मग प्रश्न आला, की देव्हाऱ्यावर कीडनाशक धुरी द्यायची, तो परत पाठवायचा, की नष्ट होऊ द्यायचा? तिन्हींचा खर्च मालकाकडे. आणि निर्णय होईपर्यंत गोदामाचे भाडे दिवसागणिक वाढतच होते. पुतण्याने रात्री फोन करून विचारले, “काका, काय करू?” मी म्हटले, “धुरी दे. देव आपल्याकडे धुपाला सरावलेलेच आहेत.” बोलताना हसलो खरा; पण फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. केरसुणी आणि हळकुंडे गेली. देव्हारा धुरी घेऊन सुखरूप घरी पोहोचला.

आपल्या कितीतरी घरांतून मुले आता परदेशी संसार मांडतात, म्हणून अनुभवाचे चार शब्द. यादी खोक्यागणिक करावी; प्रत्येक वस्तूचे नाव, संख्या, जुनी की नवी आणि अंदाजे किंमत लिहावी. ‘पाटा-वरवंटा’ एवढेच न लिहिता ‘स्वयंपाकातील वाटणाचा दगड, वापरलेला’ असे इंग्रजीत लिहावे. लाकूड, वेत, गवत, बिया यांच्या वस्तू एका खोक्यात वेगळ्या ठेवून आपण होऊन जाहीर कराव्यात. लपविण्याने शंका वाढते. खोकी लाकडी असतील तर त्यांच्यावर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का पाहून घ्यावा. यादीची व बिल ऑफ लेडिंगची प्रत सामानात न ठेवता हातात ठेवावी.

आणि वस्तू वापरातली असावी. ब्रिटनमध्ये स्थलांतरितास करमाफी हवी असेल तर वस्तू किमान सहा महिने त्याच्या मालकीची व वापरातली असावी लागते. अमेरिकेत घरसामानासाठी हीच मुदत वर्षाची आहे. भाषा कायद्याची, पण अर्थ तोच: घडी मोडलेली असावी. निघताना हौसेने घेतलेली कोरी भांडी व नवी यंत्रे तेथे जकातीला पात्र ठरू शकतात.

जकातीच्या नाक्यावर माणसाला आपल्या संसाराची किंमत आकड्यांत सांगावी लागते, हे मात्र तेव्हाही होते आणि आजही आहे. पुतण्याने देव्हाऱ्यापुढे मूल्याच्या रकान्यात काय लिहावे म्हणून बराच विचार केला आणि शेवटी पाच हजार रुपये लिहिले. आजीच्या पेटाऱ्यातला आकडाही असाच कोणीतरी ठरविलेला असणार. ती नवी यादी आता त्याच पेटाऱ्यात ठेवली आहे.