इफ्तारला किती मिनिटं उरली?

रमजानच्या संध्याकाळी सगळ्यात लांब असतात ती शेवटची पाच मिनिटं. दस्तरखान मांडून झालेलं असतं, खजुराची ताटली मध्यभागी असते, भजी निवत असतात. घरातलं सगळ्यात लहान रोजेदार दर अर्ध्या मिनिटाला विचारतं, "अम्मी, कितना टाइम बचा?" भंडारा असो, तुमसर असो की पवनी, हा प्रश्न घरोघरी सारखाच.

म्हणूनच प्रोग्रामिंग शिकायला लागलेल्या पोराला किंवा पोरीला पहिलंच काही करून पाहायचं असेल, तर इफ्तारची उलटी गिनती दाखवणारं छोटं ॲप हा चांगला विषय आहे. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही. एमआयटी ॲप इन्व्हेंटरसारख्या फुकट साधनात रंगीत ठोकळे जोडूनही ते बनतं, आणि जावास्क्रिप्ट येत असेल तर फोनच्या ब्राउझरमध्येच चालतं. गणित तर चौथीचं. इफ्तारच्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करायची. समजा २५२५ सेकंद उरले. साठने भागलं की ४२ मिनिटं आणि बाकी ५ सेकंद. पडद्यावर ते ४२:५ असं उमटतं आणि वाचणाऱ्याला पन्नास सेकंद वाटतात, म्हणून पाचाच्या आधी शून्य लावायचं. इथवर एका दुपारचं काम.

खरी गंमत पुढे आहे.

नवशिका बहुतेकदा असं करतो : सुरुवातीला उरलेले सेकंद एका डब्यात ठेवतो आणि दर सेकंदाला त्यातून एक काढतो. समोर बसून पाहिलं तर सगळं ठीक चालतं. पण फोन खिशात टाकला, पडदा विझला की फोन बॅटरी वाचवायला असली कामं मंद करतो किंवा थांबवतो. डब्यातले सेकंद तिथेच गोठतात, बाहेरची वेळ मात्र चालतच राहते. संध्याकाळी याने फार बिघडत नाही; अजान ऐकू येते आणि ॲप खोटं ठरतं, एवढंच. पण सहरीला? ॲप म्हणतं अजून आठ मिनिटं आहेत, माणूस निवांत चहा पितो, आणि तिकडे फजर होऊन गेलेली असते. तो रोजा गेला. रमजाननंतर त्याची कजा करावी लागणार.

उपाय सोपा आहे. मोजायचंच नाही. दर सेकंदाला फोनच्या घड्याळाला नव्याने विचारायचं, "आत्ता किती वाजले?" आणि ठरलेल्या वेळेतून ते वजा करायचं. मग फोन अर्धा तास झोपला तरी जागा झाल्याबरोबर खरा आकडा दाखवतो.

आता ही ठरलेली वेळ आणायची कुठून? भारतात सगळीकडे घड्याळ एकच, ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं. सूर्य मात्र घड्याळ पाहून मावळत नाही. एक रेखांश ओलांडायला त्याला चार मिनिटं लागतात. भंडारा शहर साधारण ७९.६५ अंशावर, नागपूर ७९.१ च्या आसपास. म्हणजे भंडाऱ्यात सूर्य नागपूरपेक्षा सुमारे दोन मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. मुंबईशी तुलना केली तर हा फरक सत्तावीस मिनिटांच्या आसपास जातो. जिल्ह्यातही साकोली भंडाऱ्याच्या पूर्वेला असल्याने तिथला मगरिब मिनिटभर आधी.

दुकानातून मिळालेलं नागपूरचं रमजान वेळापत्रक जसंच्या तसं ॲपमध्ये भरलं तर काय होईल? संध्याकाळी भंडाऱ्याचा रोजेदार दोन मिनिटं उशिरा रोजा सोडेल. रोजा सलामत. पहाटे मात्र तोच दोन मिनिटांचा फरक उलटा फिरतो : नागपूरच्या वेळेपर्यंत खात बसलेल्या भंडारेकराची सहर आधीच संपलेली असते. एकच चूक संध्याकाळी निरुपद्रवी आणि पहाटे महागात पडणारी. गोंदियाची वेळ घेतली तर नेमकं याच्या उलट. तिथे इफ्तारच सूर्यास्ताआधी होईल. त्यामुळे वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली, कोणत्या गावासाठी किती मिनिटं मिळवायची वा वजा करायची ही टीप जाहिरातींपेक्षा आधी वाचावी. शंका असेल तर आपल्या मशिदीत विचारावं आणि तेच तीस ओळींचं कोष्टक ॲपमध्ये ठेवावं. इंटरनेट गेलं तरी ते चालतं.

कोणी हौसेने सूर्यास्ताचं गणित स्वतः मांडलंच, तर तिथे आणखी एक खाच आहे. उत्तर सेकंदांत येतं. समजा ६ वाजून ११ मिनिटं ४० सेकंद. सवयीने सेकंद उडवून ६:११ लिहिलं की इफ्तार चाळीस सेकंद आधी झाली. म्हणून इफ्तारची वेळ नेहमी पुढच्या मिनिटाला न्यायची आणि सहरीची मागच्या. शाळेतला 'अर्ध्याच्या वर असेल तर एक वाढवा' हा नियम इथे कामाचा नाही.

हे काम नवं नाही. पूर्वी मोठ्या मशिदींत नमाजांच्या वेळा काढणारा जाणकार नेमलेला असे, त्याला मुवक्कित म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हे काम पाहत होते. तिथल्या मिनारासाठी त्यांनी घडवलेलं सूर्यघड्याळ १३७१च्या सुमाराचं. फोनवर ठोकळे जोडणारी पवनीची पोरगी त्याच धंद्यातली उमेदवार म्हणायची.

सगळ्यात छुपी चूक पहाटेच बाहेर पडते. आजची तारीख काढून कोष्टकातली ओळ शोधायची, इतकं साधं काम. पण जावास्क्रिप्टमध्ये तारीख मजकुराच्या रूपात मिळवण्याची एक सोयीची रीत ग्रिनिचच्या वेळेची तारीख देते. आपली घड्याळं तिथून साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत प्रोग्रामच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो! फेब्रुवारी-मार्चच्या रमजानात भंडाऱ्याची सहर साडेपाचच्या आतच संपते. दिवसभर तपासून पाहिलेलं ॲप बरोबर सहरीला कालची ओळ दाखवतं. त्या दिवसांत सहरीची वेळ रोज थोडी मागे सरकत असते, म्हणजे कालची ओळ उशिराची. फरक मिनिटाच्या आत-बाहेर, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. हे पकडायचं तर गजर लावून पहाटे पाचला ॲप उघडून पाहणं आलं. सहरीला उठणाऱ्यांना तो गजर वेगळा लावावा लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

इफ्तार झाल्यावर आकडे शून्याखाली जाऊन उणे दिसू लागतात, तेव्हा लगेच उद्याच्या सहरीची गिनती सुरू करायची. अठ्ठावीस रोजांपर्यंत हे बिनबोभाट चालतं. एकोणतिसाव्या संध्याकाळी मात्र ॲप अडतं. पुढची वेळ कशाची, तिसाव्या रोजाच्या सहरीची की ईदची? कोष्टकात याचं उत्तर नाही. शहाणा नवशिका तिथे गिनती थांबवतो आणि दोन बटणं ठेवतो : 'चाँद दिसला' आणि 'नाही दिसला'. मग मगरिबची नमाज आटोपून गच्चीवर जायचं, पश्चिमेला पाहायचं, मशिदीतल्या ऐलानाची वाट पाहायची, आणि खाली आल्यावर घरातल्या सगळ्यात लहान रोजेदाराच्या हाती फोन द्यायचा. बटण त्याने दाबायचं.