विश्लेषण : पानिपतावर मराठे जिंकले असते, तर इंग्रजांचे राज्य आलेच नसते? ‘जर-तर’चा इतिहास काय सांगतो?

संक्रांत जवळ आली, की समाजमाध्यमांवर एक प्रश्न हमखास फिरू लागतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकले असते तर? त्याचे उत्तरही बहुतेकदा ठरलेले असते : मग इंग्रजांचे राज्य आलेच नसते. हे उत्तर पुराव्यांवर कितपत टिकते? इतिहासात ‘जर-तर’ला काही अर्थ असतो का? याचा हा आढावा.

‘जर-तर’चा इतिहास म्हणजे काय?

घडून गेलेली एखादी घटना बदलली असती, तर पुढे काय झाले असते याचा तर्क मांडणे म्हणजे पर्यायी इतिहास. हा प्रकार नवा नाही. सिकंदर इटलीवर चालून आला असता तर रोम टिकले असते का, याची चर्चा रोमन इतिहासकार लिव्ही याने दोन हजार वर्षांपूर्वी केली होती. विन्स्टन चर्चिल यांनीही अमेरिकी यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईवर असा निबंध लिहिला.

ई. एच. कार यांच्यासारख्या इतिहासकाराने मात्र याला फावल्या वेळचा खेळ मानले. उलट, १९९७ मध्ये ‘व्हर्च्युअल हिस्टरी’ या ग्रंथाचे संपादन करणाऱ्या नील फर्ग्युसन यांनी या पद्धतीची बाजू घेतली. त्यांची अट अशी, की त्या काळातील माणसांनी स्वतः ज्या पर्यायांचा विचार केला होता, तेवढेच तपासावेत. दुसरी खबरदारी शाळेतल्या प्रयोगासारखी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे होते तसे ठेवायचे.

मराठी वाचकांना हा प्रकार परिचयाचा आहे तो डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेमुळे. तिचे इंग्रजी रूप ‘द अॅडव्हेंचर’ अकरावीच्या ‘एनसीईआरटी’च्या पाठ्यपुस्तकातही आहे. या कथेतील पर्यायी जगात विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात हुकते आणि इतिहासाची वाट बदलते.

पानिपतात निकाल बदलू शकणारे क्षण कोणते?

फर्ग्युसन यांची अट लावली, तर पानिपताचा ‘जर’ युद्धाच्या दिवसाच्या बराच आधी सुरू होतो. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. त्यानंतर मतभेद होऊन सूरजमल जाट बाजूला झाला. अवधचा नवाब शुजाउद्दौला कोणाकडे जाणार, यासाठी दोन्ही बाजूंनी प्रयत्न झाले होते. नजीबउद्दौल्याने त्याला अहमदशाह अब्दालीकडे वळवले. हे दोघे मराठ्यांसोबत असते, तर रसद आणि पैसा या दोन्ही अडचणी हलक्या झाल्या असत्या. पैशाची ओढ इतकी होती, की दिल्लीच्या किल्ल्यातील दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली.

दुसरा क्षण ऑक्टोबर १७६० मधला. भाऊंनी उत्तरेला सरकून कुंजपुरा जिंकले. त्याच सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौजेचा दिल्लीशी व दक्षिणेशी असलेला मार्ग तोडला. नदीच्या उतारांवर पुरेसा पहारा असता, तर पुढची कोंडी कदाचित झालीच नसती. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर होत्या. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. छावणीत सैनिकांबरोबर बायका-मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे अशी मोठी गर्दी होती. अखेर उपासमारीमुळेच फौज मैदानात उतरली.

तिसरा क्षण प्रत्यक्ष युद्धाचा. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते. इब्राहिमखान गारद्याने रोहिल्यांची फळी फोडली होती आणि हुजुरातीने अफगाणांचा मध्य मागे रेटला होता. मग विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेत गोंधळ उडाला. पण याच सुमारास अब्दालीने राखीव तुकड्या आणि उंटांवरील जंबुरके पुढे आणली होती, हेही लक्षात ठेवावे लागते. मराठ्यांकडे अशी ताज्या दमाची राखीव फौज नव्हती. गोळी हुकली असती तरी ही उणीव तशीच राहिली असती.

विजयानंतर दिल्लीत काय झाले असते?

इथे खऱ्या इतिहासातील एक गोष्ट उपयोगी पडते. जिंकलेला अब्दालीही दिल्लीत टिकला नाही. मार्च १७६१ मध्ये तो परत फिरला. पंजाबात शिखांनी त्याला पुढे स्वस्थता लाभू दिली नाही. १७६५ मध्ये लाहोर शीख सरदारांच्या हाती आले.

मराठे जिंकले असते, तर नजीबउद्दौल्याची दिल्लीवरील पकड तेव्हाच सुटली असती. प्रत्यक्षात तो १७७० मध्ये मरेपर्यंत तिथे पाय रोवून होता. पंजाब मात्र मराठ्यांना सहज पेलला नसता. १७५८ मध्ये राघोबादादांनी लाहोर घेतले होते, पण पुण्यापासून इतक्या दूर कायमची फौज ठेवणे परवडले नाही आणि वर्ष-दीड वर्षात तो प्रांत हातून गेला. एका विजयाने हे अंतर कमी होणारे नव्हते.

इंग्रजांना रोखता आले असते का?

लोकप्रिय उत्तराची कसोटी इथे लागते. प्लासीची लढाई १७५७ मध्ये होऊन गेली होती आणि बंगालचा नवाब कंपनीच्या मर्जीवर बसत होता. जानेवारी १७६० मध्ये वांदिवाशला फ्रेंच हरले. पानिपत झाले त्याच आठवड्यात पाँडिचेरीनेही इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. यांतील कोणतीच गोष्ट पानिपताच्या निकालावर अवलंबून नव्हती.

समुद्राचा प्रश्न त्याहून आधीचा. १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांचे आरमार नष्ट झाले, तेही पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन. पानिपत जिंकून ते आरमार परत मिळाले नसते.

तरीही एक दार उघडे राहते. ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सरला शुजाउद्दौला, मीर कासिम आणि बादशहा शाहआलम यांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी मल्हारराव होळकरांना सोबत घेऊन शुजाने पुन्हा प्रयत्न केला, पण कोरा येथे इंग्रजांनी त्यांनाही हटवले. ऑगस्ट १७६५ मध्ये बादशहाने बंगाल, बिहार, ओडिशाची दिवाणी कंपनीला दिली. १७६१ मध्ये जिंकलेली मोठी मराठी फौज या चार वर्षांत दोआबात असती, तर बादशहा कदाचित तिच्या छत्राखाली असता आणि दिवाणीची सनद इतक्या सहज निघाली नसती. विजयाच्या बाजूने करता येणारा सर्वात भक्कम तर्क हाच. तो इंग्रज ‘आलेच नसते’ असे सांगत नाही, त्यांची चाल मंदावली असती इतकेच सांगतो.

विजय झाला असता, तर माधवराव पेशवे झाले असते?

बहुधा नाही. फिरणाऱ्या संदेशांत हा मुद्दा जवळपास नसतोच. विश्वासराव हे नानासाहेबांचे थोरले पुत्र. ते वाचले असते, तर गादी त्यांची आणि कारभार भाऊंचा, अशीच घडी बसली असती. माधवराव धाकटे. २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांचे निधन झाल्यावर पेशवेपद त्यांच्याकडे आले, ते पानिपतामुळे. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव, मग हैदरअलीवरील स्वाऱ्या, ही सगळी त्यांची कामगिरी.

महादजी शिंदे यांचेही तसेच. जनकोजी पानिपतानंतर मारले गेले नसते, तर शिंद्यांची सरदारी महादजींकडे कधी आली असती, हे सांगणे कठीण. याच महादजींनी जानेवारी १७७२ मध्ये शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर परत नेले. म्हणजे विजयाची कल्पना करताना या दोघांचीही उद्याची जागा पुसावी लागते.

मग पानिपताने नेमके काय बदलले?

मराठीत ‘पानिपत होणे’ म्हणजे सगळे संपणे. प्रत्यक्षात फेब्रुवारी १७७१ मध्ये, म्हणजे दहा वर्षांत, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली, ती शिंद्यांच्या फौजेला हरवून. पानिपताने सत्ता बुडवली नाही. तिने एक अनुभवी पिढी गमावली आणि १७६१ ते १७७१ ही दहा वर्षेही गमावली. कंपनीने बंगालचा महसूल हाती घेतला, तो याच दहा वर्षांत.

दुसरा ‘जर’ त्यामुळे अधिक वजनदार ठरतो. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून झाला आणि गादीसाठी राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ यानेही माधवरावांच्या अकाली मृत्यूची हानी पानिपताच्या तोडीची मानली होती.

तेव्हा पुढच्या संक्रांतीला तो संदेश आला, तर त्याला दोन प्रश्न विचारून पाहता येतील : यात एकच गोष्ट बदलली आहे का? आणि ती बदलल्यामुळे जे गमवावे लागते, त्याचाही हिशेब दिला आहे का?