स्त्रियांची कुचंबणा

प्रवासात अडचण नको म्हणून घोटभर पाणीही न पिता घराबाहेर पडणाऱ्या स्त्रिया घरोघरी आहेत. गणपतीला गावी निघालेली सासुरवाशीण असो वा पहाटेपासून बाजारात बसलेली मासळीविक्रेती, तासन् तास लघवी रोखून धरणे दोघींच्याही वाट्याला येते. मूत्रमार्गाचे विकार यातूनच बळावतात. पुरुषांना मुतारी मोफत आणि स्त्रियांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईत २०११ साली महिला संघटनांनी चळवळ उभारली. पुढे पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये निर्णय देताना मुंबई उच्च न्यायालयाने रस्तोरस्ती स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे पुरविणे हे महापालिकांचे कर्तव्य ठरविले. परंतु इमारत बांधून फीत कापली म्हणजे हे कर्तव्य संपते, असे आम्हांस वाटत नाही. आतून लागणारी कडी, दिवा, वाहते पाणी, कचऱ्याची झाकणबंद पेटी आणि रोज येणारा पगारी सफाई कामगार यांवाचून ती वास्तू निरुपयोगीच. म्हणून नगरपालिकांनी व एस. टी. महामंडळाने बांधकामाबरोबर देखभालीचीही कायम तरतूद अंदाजपत्रकात करावी. भगिनींवर हे उपकार नव्हेत. ते त्यांचे देणे आहे.