ताकातल्या आम्लाचे प्लास्टिक : खरे किती, फसवे किती?



रात्री कोमट दुधाला चमचाभर विरजण लावून आपण निजतो आणि सकाळी घट्ट दही लागलेले असते. ही किमया विरजणातल्या जिवाणूंची. दुधातली साखर खाऊन ते एक आंबट पदार्थ तयार करतात. त्याचे नाव लॅक्टिक आम्ल. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. आज याच आम्लापासून पेले, ताटल्या आणि पिशव्या तयार होतात, असे सांगितले तर नवल वाटेल. पण ते खरे आहे.

यासाठी दूध मात्र लागत नाही. मक्याच्या पिठूळ भागाची किंवा उसाची साखर मोठमोठ्या टाक्यांत जिवाणूंना खाऊ घालतात. तयार झालेले आम्ल शुद्ध करून, त्यातले पाणी काढून, त्याचे कण एकमेकांना जोडत नेतात. माळेत मणी ओवावेत तशी ही लांबच लांब साखळी म्हणजेच पॉलिलॅक्टिक ॲसिड, थोडक्यात पीएलए. नायलॉनचे जनक कॅरदर्स यांनी अमेरिकेत १९३२ साली ते करून पाहिले होते, पण तो माल कमकुवत निघाला. मक्यापासून पीएलए करणारा मोठा कारखाना अमेरिकेतल्या ब्लेअर गावी २००२ साली सुरू झाला. आपल्या जेजुरीलाही पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली अशा प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला. म्हणजे हा विषय आपल्या शिवारापासून फार दूरचा राहिलेला नाही.

याचे गुण काय? पीएलए पारदर्शक, चकचकीत आणि कडक असते. थंड सरबत, दही, फळे यांना ते उत्तम. पण ५५ ते ६० अंश उष्णतेला ते मऊ पडते. साध्या पीएलएच्या पेल्यात कढत चहा ओतला तर पेला वाकतो. दवाखान्यात त्याचा उपयोग मोठा आहे. शस्त्रक्रियेनंतर जे टाके काढावे लागत नाहीत, त्यांतल्या काही धाग्यांत याच आम्लाचा अंश असतो. असा धागा दोन-अडीच महिन्यांत शरीरात विरून जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. "हे प्लास्टिक मातीत विरते," असे दुकानदार सांगतो. मग रिकामा पेला बांधावर भिरकावला तर चालेल? नाही! ते कुजायला सुमारे ६० अंशांची ऊब, ओल आणि जिवाणू ही तिन्ही एकत्र आणि बरेच दिवस मिळावी लागतात. शहराबाहेरच्या मोठ्या खतप्रकल्पांत ती मिळतात. तिथे काही महिन्यांत त्याचे खत होते. आपला उकिरडा थोडे दिवस तापतो आणि निवतो. साध्या मातीत तर ते वर्षानुवर्षे पडून राहते. गाईच्या पोटात ऊब ३९ अंशांच्या आसपास, त्यामुळे तिथेही ते लवकर विरत नाही. तेव्हा पिशवी कसलीही असो, जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नका.

मिरची, टोमॅटो, कलिंगड लावणाऱ्यांनी मल्चिंग पेपर घेताना विशेष जपावे. मातीत विरणाऱ्या पेपरात बहुधा पीएलएबरोबर दुसरे मऊ, मातीत कुजणारे प्लास्टिक मिसळलेले असते, कारण एकटे पीएलए ठिसूळ असते. युरोपात २०१८ साली अशा पेपरासाठी मानक ठरले. त्याप्रमाणे मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के विघटन झाले पाहिजे. 'खतप्रकल्पात कुजणारे' आणि 'मातीत कुजणारे' हे दोन निरनिराळे दावे आहेत. पहिल्याला दुसरा समजून पेपर नांगरून टाकलात, तर पैसेही गेले आणि वावरात तुकडेही राहिले.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा :

१. कंपोस्टेबल पिशवीवर तसा छाप आणि उत्पादकाचे नाव पाहा. तिच्या उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

२. मल्चिंग पेपर घेताना 'कुठे कुजतो, किती दिवसांत?' हे विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून मागा.

३. खात्री नसेल तर आधी एका सरीवर लावून पाहा. एक तुकडा मातीत पुरून, खूण करून ठेवा आणि पुढच्या हंगामात उकरून बघा.

४. असा कचरा चुलीत जाळू नका. वेगळा ठेवा.

लग्नकार्यात पत्रावळ आणि द्रोण, बाजाराला जाताना कापडी पिशवी ही आपली जुनी रीत आजही सर्वांत स्वस्त आणि बिनधोक आहे. नव्या वस्तूचे स्वागत जरूर करावे. पण बियाणे आपण उगवण पाहूनच पेरतो ना? मग प्लास्टिकही कुजण पाहूनच घ्यावे.